अजगर मंजूर झाल्याबद्दल

तीर्थस्वरूप वन्सं यांच्या सेवेशी,

वाकून नमस्कार. साष्टांगच घालणार होते, पण उजवा गुडघा सध्या खाली जायला तयार असतो आणि वर यायला नसतो, तेव्हा कागदावर वाकले तेवढं गोड मानून घ्यावं. (गुडघ्याचं काय झालं ते पुढे येईलच. त्यात माझा पराक्रम आहे.)

तुमची कंबर कशी आहे? जिना अजून पायऱ्या मोजत चढता, की आता दोनच्या पाढ्यानं? इकडे तुमच्या भावाचा खोकला गेला, पण खोकल्याच्या निमित्तानं अंथरुणात चहा मिळायचा, ती सवय काही गेलेली नाही. बाकी घर जागेवर आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला "मुद्द्याचं बोल" म्हणता आणि मला मुद्द्यापर्यंत पोचायला थोडा वळसा लागतो. चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला सरळ रेषेची सवय असते, हे मला मान्य आहे. पण हे पत्र आहे, इथे खडू माझ्या हातात आहे.

तर वन्सं, मी जिंकले. आधीच सांगून टाकते, म्हणजे मधल्या फजित्या वाचताना तुम्ही उगाच "मला वाटलंच होतं" असं म्हणणार नाही.

आमच्या प्राणिसंग्रहालयात मी खाद्यविभागाची कारकून, हे तुम्हाला माहीत आहे. रोज सकाळी आठ वाजता एक तक्ता स्वयंपाकघरात जावा लागतो. कोणाला किती खाणं, कोणाला कुठलं औषध आणि उबवणी कक्षात तापमान किती. ही माहिती तीन इमारतींत तीन संगणकांवर असते. प्राण्यांची नोंदवही तिकीटघरात, औषधं डॉक्टरबाईंच्या लॅपटॉपवर आणि तापमान टेकडीवरच्या उबवणी कक्षातल्या यंत्रावर. गेली नऊ वर्षं मी सहा वाजता येऊन, तिन्हीकडे पायी फिरून, सगळं उतरवून घेत होते. (म्हणून वजन वाढलं नाही. तुम्ही दर भेटीत त्याचं श्रेय तुमच्या भावाच्या कंजूषपणाला देता, ते चूक आहे.) मग तीन महिन्यांपूर्वी माझ्याकडून एक ओळ वरखाली झाली. पाणघोड्याचं पोट साफ होण्याचं औषध जिराफाच्या रकान्यात गेलं. जिराफाला काही झालं नाही, उलट तो फार प्रसन्न दिसत होता; पण त्याचा रखवालदार तीन दिवस पिंजऱ्यात छत्री घेऊन जात होता. तिसऱ्या दिवशी संचालक साहेबांचं परिपत्रक निघालं. तिन्ही संगणक तारेनं एकमेकांना जोडावेत, हा तक्ता यापुढे त्यांपैकी कुठल्याही संगणकानं तयार करावा, त्यासाठी तिन्ही इमारतींत चालेल अशी एकच भाषा निवडावी, इच्छुकांनी दोन महिन्यांत आपापली भाषा चालवून दाखवावी.

भाषा म्हणजे आपली बोलायची नव्हे. तुम्ही वर्गाबाहेर जाताना फळ्यावर कामं लिहून ठेवायचात ना, आधी उजळणी, मग गणितं, मग वह्या टेबलावर, तशी संगणकाला कामांची चिठ्ठी लिहून ठेवायची. त्या चिठ्ठीला स्क्रिप्ट म्हणतात. अडचण एवढीच, की आमचे तीन संगणक तीन घराण्यांतले. तिकीटघरात विंडोज, डॉक्टरबाईंकडे मॅक, उबवणी कक्षात लिनक्स. एकाला लिहिलेली चिठ्ठी दुसऱ्याला कळेलच असं नाही, आणि कळली तरी पटेलच असं नाही. (आपल्या तीन जावांची आठवण काढायचं कारण नाही, पण आली.)

इच्छुक तीन निघाले. पहिले तिकीटमास्तर. हे तिकीटघराचे प्रमुख, बायकोशी बोलतानाही "रांगेत या" म्हणतात असं ऐकलंय. त्यांची भाषा पॉवरशेल. दुसरे उबवणीवाले, म्हणजे अंडी उबवण्याच्या यंत्राचे तंत्रज्ञ. गृहस्थ सज्जन, कमी बोलणारे, स्वतःच्या यंत्रावर पोटच्या मुलासारखी माया करणारे. त्यांची भाषा बॅश. आणि तिसरी मी. मी नाव दिलं तेव्हा तिकीटमास्तर हसले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला. ते जास्त लागलं. उतरवण्यातली चूक माझी होती आणि ती निस्तरणारी स्पर्धा दुसऱ्या कोणी जिंकली असती, तर सेवानिवृत्त होईपर्यंत मी छत्रीवाली बाई म्हणूनच ओळखली गेले असते.

माझी भाषा डॉक्टरबाईंनी सुचवली. त्या प्राण्यांच्या वजनाचे आलेख तिच्यातच काढतात. त्यांनी डबा खाता खाता मला पहिले धडे दिले आणि मग रोज दुपारच्या सुट्टीत मी त्यांच्या खोलीत बसून गिरवत राहिले. समोरच्या पिंजऱ्यात पायाला पट्टी बांधलेलं एक माकड असायचं. माझी चूक झाली की ते जाळीला लटकून बघायचं, बरोबर आलं की पाठ फिरवायचं. भाषेचं नाव पायथन. आता पुढचं नीट वाचा. मी साहेबांना रीतसर अर्ज केला, की तिन्ही इमारतींत पायथन वापरण्याची परवानगी मिळावी. आमच्या कार्यालयातल्या टंकलेखक बाईंचा बाणा असा, की एकही परका शब्द फायलीत जाऊ द्यायचा नाही. त्यांनी अर्ज टंकला तो असा: "तिन्ही इमारतींत अजगर वापरण्याची परवानगी मिळावी." मी न वाचताच सही केली. (तुम्ही मला शंभरदा सांगितलं आहे. आता एकशे एकावं सांगू नका.)

चार दिवसांनी शेरा आला: "संग्रहालयात एक अजगर आहे. दुसऱ्यासाठी जागा नाही. तथापि आहार किती व खर्च किती, ते कळवावे." मला वाटलं, साहेब थट्टा करतात. मीही मोकळेपणानं उत्तर लिहिलं, की आहार काहीच नाही, फुकट मिळतो, आणि तिन्ही इमारतींत एकाच वेळी राहू शकतो. दुसऱ्या दिवशी सर्पालयाचे काका मोजपट्टी घेऊन माझ्या टेबलापाशी उभे. खायला मागत नाही म्हणजे तो आजारी असणार, फुकट देतायत म्हणजे तर नक्कीच असणार, आणि तीन ठिकाणी असतो म्हणजे तुकडे झालेत की काय, असा त्यांचा हिशेब. त्यांना खरं सांगितलं तेव्हा त्यांचं तोंड इतकं उतरलं, की मी अर्धी पोळी त्यांच्या पुढ्यात सरकवली. एका जनावराची जागा झाडून ठेवली होती बिचाऱ्यांनी.

मग शिकताना काय काय झालं, ते सगळं सांगत नाही, तीनच सांगते. पहिलं: तिकीटघराच्या संगणकावर फायलीचा पत्ता लिहिताना मधे उलटी तिरकी रेघ देतात. माझी फाईल 'टायगर' नावाच्या कप्प्यात, त्याच्या आतल्या 'न्यू' नावाच्या कप्प्यात होती, दोन्ही नावं इंग्रजी लिपीत. पायथनमध्ये उलट्या रेघेपुढे टी आला तर तो म्हणजे मोठी मोकळी जागा आणि एन आला तर नवी ओळ. झालं! माझा पत्ता मधे दात पडल्यासारखा फाकला, मग तुटून खालच्या ओळीत गेला, आणि संगणक म्हणे असा कप्पाच नाही. दोन दिवस मी कप्पा शोधत होते, तो माझ्या डोळ्यांसमोर होता. शेवटी पत्ता जोडायचं काम भाषेवरच सोपवलं. तिला प्रत्येक घराण्याची रेघ माहीत असते, आपण फक्त कप्प्यांची नावं सांगायची. दुसरं: मी प्राण्यांची नावं मराठीत लिहिली होती. तिकीटघरात फाईल उघडली तर 'वाघ' शब्दाच्या जागी डोक्यावर तिरकी काडी असलेला परक्या लिपीतला ए आणि शेजारी नाण्यांसारखी चिन्हं. स्वयंपाकघरातून निरोप आला, की या जनावराला सहा किलो मांस लिहिलंय, पण हे आहे कोण आणि चावतं का? अक्षरं कुठल्या पद्धतीनं वाचायची, हे चिठ्ठीत स्पष्ट लिहावं लागतं, नाहीतर प्रत्येक संगणक आपल्या घरच्या पद्धतीनं वाचतो. तिसरं: डॉक्टरबाई गोरिलाच्या फायलीचं इंग्रजी नाव पहिलं अक्षर मोठं करून लिहितात, तिकीटमास्तर लहान. लिनक्सला ही दोन वेगळी नावं वाटतात. त्यामुळे तक्त्यात दोन गोरिला आले आणि एका गोरिलाला दोघांची केळी गेली. ही चूक लक्षात यायला आठवडा लागला, कारण गोरिलानं तक्रार केली नाही.

परीक्षेचा दिवस बुधवारचा. सकाळी दहाला आमची वरात निघाली. पुढे साहेब, मागे आम्ही तिघं, डॉक्टरबाई आणि उगाच म्हणून सर्पालयाचे काका. पहिला मुक्काम तिकीटघर. तिकीटमास्तरांनी एक कळ दाबली आणि पापणी लवायच्या आत तक्ता तयार. वन्सं, खरं सांगते, मी दाराकडे पाहिलं. उबवणीवाल्यांची बॅश तिथे नव्हतीच, त्यामुळे त्यांची चिठ्ठी उघडायलाही कोणी तयार नव्हतं. माझी चालली, पण तिकीटमास्तरांहून बऱ्याच उशिरानं. तक्त्यातली शेवटची ओळ तापमानाची होती, सदतीस पूर्णांक चार. ठीक होतं. साहेब "हं" म्हणाले. कोणाला म्हणाले, ते कळलं नाही.

दुसरा मुक्काम डॉक्टरबाईंचा लॅपटॉप. तिथे पॉवरशेल आधी बसवावं लागलं, तेवढ्यात चहा झाला. बसवल्यावर तिकीटमास्तरांची चिठ्ठी डी ड्राइव्ह, म्हणजे विंडोजच्या घरातली एक कोठी, मागू लागली. त्या लॅपटॉपला डी ड्राइव्ह असतच नाही. तिकीटमास्तर म्हणाले, "असायला पाहिजे." डॉक्टरबाई म्हणाल्या, "माझ्या घरात मी ठरवीन." भाषेचा दोष नव्हता हो त्यात, चिठ्ठी लिहिणाऱ्यानं जगात सगळीकडे आपल्यासारखंच घर असतं असं धरलं होतं. उबवणीवाल्यांची बॅश इथे होती, चिठ्ठी झपाझप चाललीसुद्धा, पण कालची तारीख काय, एवढं विचारल्यावर अडली. लिनक्सवर तारीख एका रीतीनं विचारतात, मॅकवर दुसऱ्या, आणि ह्यांना एकच रीत ठाऊक. त्यांनी मान खाली घातली. मग मी. कळ दाबली. तक्ता आला. वाघ वाघच होता, गोरिला एकच होता. मी श्वास सोडणार, तोच शेवटची ओळ दिसली: उबवणी कक्ष, पस्तीस पूर्णांक एक, कमी.

"चुकलं," तिकीटमास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता असं मी म्हणणार नाही, पण दुःख नव्हतं.

उबवणीवाले म्हणाले, "ताई, माझं यंत्र कधी हलत नाही. तुमच्या तक्त्यात परवा दोन गोरिला होते."

त्या यंत्रात काय होतं, हे सांगायला हवं. आमच्या करकोच्यांच्या जोडीनं अकरा वर्षांत पहिल्यांदा अंडी घातली होती, तीन. जोडी म्हातारी, पुन्हा घालतील याची शाश्वती नाही. यंत्राचा भोंगा वाजतो तो फक्त वीज गेली तर, आणि वीज तर होती. साहेबांनी घड्याळ पाहिलं. चूक माझीच असेल असं मलाही वाटत होतं. नऊ वर्षांचा बरोबर तक्ता कोणाच्या लक्षात राहत नाही, जिराफ राहतो. मी पुन्हा कळ दाबली. चौतीस पूर्णांक आठ. तेव्हा मात्र मला तुम्ही आठवलात. तुम्ही म्हणता ना, एक उत्तर चुकीचं असू शकतं, पण एका दिशेनं घसरणारी दोन उत्तरं दुर्लक्षायची नसतात. मी म्हटलं, "साहेब, मी चुकले असेन तर माझी चिठ्ठी फाडून टाका. पण आधी वर चला."

आणि कोणी उठायच्या आत मी पळाले. एकावन्नाव्या वर्षी, साडीत, टेकडी चढून. शेवटच्या वळणावर खडीवरून घसरले आणि गुडघा टेकला, तिथे त्याचा पराक्रम संपला. पण दारात मीच पहिली पोचले. झालं होतं असं, की साहेब येणार म्हणून उबवणीवाल्यांनी सकाळी यंत्राची काच लखलखीत पुसली आणि झाकण लावताना खिटी नीट बसली नाही. सुरुवातीला झाकण टेकून राहिलं, मग हळूहळू बोटभर वर आलं. आणि तापमानाचा आकडा पडद्यावर दिसत का नव्हता? कारण परीक्षेच्या तयारीसाठी त्यांनी स्वतःची चिठ्ठी पूर्ण पडदाभर उघडून ठेवली होती. आकडा तिच्यामागे निमूट उतरत होता. मी दोन्ही हातांनी झाकण दाबलं, खिटी खटकन बसली. मागून डॉक्टरबाई आल्या, त्यांनी एकेक अंडं उजेडापुढे धरून पाहिलं. तिसरं परत जागेवर ठेवलं. मग म्हणाल्या, "हलतायत. तिन्ही हलतायत. अजून तासभर गेला असता तर सांगता आलं नसतं."

उबवणीवाले भिंतीला टेकून खाली बसले. डोळे भरले होते. म्हणाले, "ताई, मी तुम्हाला खोटं ठरवलं." मी म्हटलं, "तुम्ही गोरिलाला खोटं ठरवलंत, ते बरोबरच होतं." (हे वाक्य मला त्या क्षणी सुचलं, याचा मला अजून अभिमान आहे.) सर्पालयाचे काका मात्र सगळ्यांत पुढे येऊन म्हणाले, "बघा साहेब, अजगरानं अंडी वाचवली. माझ्या नोकरीत हे पहिल्यांदा बघतोय!"

तिसऱ्या मुक्कामाची परीक्षा तिथेच, झाकणावर हात ठेवून झाली. माझी चिठ्ठी लिनक्सवरही तशीच्या तशी चालली, एक अक्षर न बदलता. अकरा दिवसांनी तिन्ही पिल्लं बाहेर आली. करड्या कापसाचे गोळे, त्यांना पाय म्हणून काड्या लावलेल्या. त्याच दुपारी आदेश निघाला. टंकलेखक बाई आपल्या बाण्यावर ठाम असल्यामुळे तो असा आहे: "सर्व इमारतींत अजगर मंजूर." मी तो चौकटीत बसवून भिंतीवर लावला आहे. उबवणीवाले आता रोज दुपारी डबा घेऊन माझ्याकडे शिकायला येतात. तिकीटमास्तर येत नाहीत, पण परवा त्यांनी खिडकीतून हाक मारून विचारलं, की डी ड्राइव्ह न लिहिता पत्ता कसा लिहायचा, ते एका मित्राला हवं आहे. मी म्हटलं, "मित्राला सांगा, रांगेत या."

आणि सकाळी सहाला कामावर पोचायचं बंद झालं, वन्सं. तक्ता आठ वाजता आपला आपण स्वयंपाकघरात जातो. मी साडेआठला निवांत येते, उबवणी कक्षापर्यंत हळूहळू जाते आणि काचेतून तिघांना पाहून खाली उतरते.

तब्येतीला जपावं. औषध वेळेवर घ्यावं.

आपली धाकटी वहिनी

ता. क. कालच परिपत्रक आलं. पुढच्या महिन्यापासून तिन्ही इमारतींत एकाच घराण्याचे संगणक येणार आहेत. कुठलीही भाषा चालली असती. हे मी तुमच्या भावाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नये.

ता. क. २. आता मुद्द्याचं. परीक्षेच्या अर्जात एक रकाना होता, 'चिठ्ठी तपासणाऱ्या बाहेरच्या तज्ज्ञाचं नाव'. मला बाहेरचं तज्ज्ञ म्हणून कोणी ओळखीचं नव्हतं, तेव्हा मी तुमचं नाव आणि फोन नंबर लिहिला. मंजुरी कायम करण्यापूर्वी साहेब या आठवड्यात तुम्हाला फोन करणार आहेत. म्हणूनच वर सगळं इतकं सविस्तर लिहिलं आहे, उलटी रेघ, काडीवाला ए आणि मोठं-लहान अक्षर हे तेवढं पाठ करावं. चिठ्ठीच्या एकशे बारा ओळी सोबत जोडल्या आहेत. रागावणार असाल तर फोन झाल्यावर रागवावं.

ता. क. ३. पाकीट बंद केलं होतं, ते पुन्हा उघडून लिहिते. साहेबांनी आत्ताच केबिनमध्ये बोलावलं होतं. तुम्हाला फोन त्यांनी सोमवारीच केला म्हणे, आणि तुम्ही, काहीही माहीत नसताना, क्षणभरही न थांबता म्हणालात, "हो, मीच तपासलं. दोन चुका होत्या, तिनं स्वतः शोधून दुरुस्त केल्या. मुलगी हुशार आहे." वन्सं, लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, हे तुम्ही मला कधी म्हणाला नव्हतात. डोळे पुसून मग लिहायला बसले. आता कृपा करून त्या दोन चुका कुठल्या, ते उलटटपाली कळवावं. साहेबांनी त्या मला शुक्रवारपर्यंत लेखी मागितल्या आहेत.